दोन टिंबांचा दात

"हो म्हटलं का पासपोर्ट भेटते, नाही म्हटलं का जप्त. असंच ना बाई?"

"काका, असं नाही. क्वेश्चन एकच आहे. हा ब्रिज तुम्ही बनवला का? येस ऑर नो."

पंडित रामटेके दातांच्या लॅबमागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यांना टेकून बसला होता. सकाळपासून दार आतून लावलेलं. समोर रीमा, सरकारी तपासवाली. आईबाप पुण्याचे, पोरगी इथंच अमेरिकेत, शॉमबर्गात वाढलेली. पंडितचं इंग्रजी दातांपुरतं, म्हणून तिला धाडलेलं. तिच्या हाताखाली त्याचा पासपोर्ट, अन् काचेच्या बशीत आगीनं काळा पडलेला चार दातांचा ब्रिज.

तिकडे समुद्रापार लढाई चालू होती. हुकूमशहा बंकरात जळून मेला, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी म्हणे जिता आहे. प्रेत ओळखू येईना, राहिले दात. ते सहा वर्षांमागे याच लॅबमधून गेलेले, नुसत्या पेशंट नंबरावर. कोणाच्या तोंडात चाललेत, हे पंडितला काय माहीत!

शनिवारचं नागपूरचं तिकीट होतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत नऊ वर्षं गेली, माय दिसली नव्हती. ती फोनवर म्हणे, "येशील तं आत्ता ये बापा. मढ्याले येऊन काय करशील?"

पंडितनं चिमट्यानं ब्रिज उचलला, भिंगाखाली धरून उलटा केला. आत दोन टिंबं. त्यानं ती पुसून पुन्हा मोजली.

अकोल्याच्या उस्तादानं शिकवलं होतं : खेड्यावरचा माणूस ऊस सोलते अन् दात तोडून बसते, पुन्हा कुठं येते तो? म्हणून दोन बनव. एक तोंडात, एक डब्यात. पहिल्याच्या आत एक टिंब, दुसऱ्याच्या आत दोन. अमेरिकेतल्या लॅबमध्ये जादाचा दात बनवला तर नोकरी जाते. तरी लांबचा पेशंट असला की पंडित दुसरा बनवून कापसात गुंडाळायचा, पेशंटकडे जाणाऱ्या खोक्याच्या तळाशी ठेवून द्यायचा.

"मीच बनवला," तो म्हणाला.

रीमानं सुस्कारा सोडला. फॉर्मवर खूण केली अन् पासपोर्ट त्याच्याकडे सरकवला. पंडितनं त्यावर पंजा ठेवला. तो उचलायचा अन् उठायचं, एवढंच बाकी होतं.

"पन बाई, हा डब्यातला हाय."

"काका, मी हे ऐकलं नाही. फॉर्मवर त्याला जागा पण नाही."

"पाय ना. आत सिमेंटचा कण नाई, तोंडात बसवलाच नाई कोनं. सहा वर्सं मटन खाल्लेला दात असा चिकना रायते? अन् हे दोन टिंबं. एका टिंबाचा कुठीतरी जेवू रायला अजून."

रीमानं भिंग ओढून स्वतः पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "हे आता तुम्हाला, मला आणि वरच्या चार लोकांना माहीत असणार. तुम्ही कुठेच नाही जाऊ शकत, काका."

"कधीलोक?"

"तो सापडेपर्यंत."

"अन् नाई सापडला तं?"

तिनं त्याच्या पंजाखालून पासपोर्ट ओढून घेतला. "मी तुम्हाला चान्स दिला होता, यार."

"देल्ला वं. पन माह्या हातचा दात हाय. मुडद्याच्या तोंडात खोटा कसा बसवू?"

"घरी सांगा फ्लाइट कॅन्सल झाली. रीझन नाही सांगायचं, वाइफला पण नाही."

"उपासनानं बॅगा भरल्या वं. आंब्याचं लोनचं घेतलं मायसाठी." तो उगाच हसला. "चाल, ते खाऊन टाकू आता."

रीमानं दार उघडलं. बाहेर भट्टी तापून राहिली होती. लांबच्या ईडन प्रेरीतल्या कोण्या मास्तरीणबाईची दाढ दुपारी जायची होती. पंडितनं चष्मा पुसला, स्टूल ओढलं, दाढेला आतून एक टिंब दिलं. मग मालक कुठं आहे ते पाहिलं, अन् दुसरीसाठी मेण तापत ठेवलं.