नलूचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, पोटच्या लेकीला नाही. देवापुढे रोज हात जोडते, पण तिथेही हा विषय टाळून भलतंच काही बोलत राहते. आता सत्तरी उलटली. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच बहुतेक जीभ उचलते आहे.

आधी नातवंडांचं सांगते. तेवढाच मला धीर गोळा करायला वेळ मिळेल.

माझी लेक नरखेडकडच्या एका गावात दिलेली, संत्र्याची बाग असलेल्या घरात. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की तिची दोन मुलं एसटीनं माझ्याकडे नागपूरला यायची, ती पार शाळा उघडेपर्यंत. थोरली नलू आणि धाकटा बाळू. घर कसं भरून जायचं! दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं काम दोघांचं, आणि त्यात ताटीपेक्षा एकमेकांनाच जास्त भिजवायचे. मी ओरडायची, पण खोटं खोटं. आंब्याची कोय कुणी चोखायची यावरून रोज भांडण, आणि रोज निवाडा माझा. नलू माझ्या अंगाला चिकटून झोपायची. मला ती फार आवडायची — हे सांगायला मला तोंड नाही, पण खरंच आवडायची.

एकोणीसशे साठ-सत्तरच्या मधला तो एक उन्हाळा, वीसेक वर्षांपूर्वीचा. नलूला बारावं सरलं होतं.

त्या वर्षी आमच्या शेजारणीच्या, शांताबाईच्या, मुलीचं लग्न ठरलेलं. रुखवतात ठेवायच्या कुरडया मी करून देणार होते. दुसरं कोण करणार? आमच्या गल्लीत कुरडई म्हटलं की माझंच नाव घ्यायचे सगळे. पांढरीशुभ्र, तळली की फुलून परातीएवढी. याचा मला गर्व होता. साधासुधा नाही — दुसरीची कुरडई तांबूस झाली की मी चार घरी जाऊन हळहळायची, इतका.

कुरडईचं काम सरळ आहे, पण ते वाट पाहत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, आणि पाचव्या दिवशी सकाळी शिजवून, साच्यातून दाबून गच्चीवर घालायचा. रोज पाणी बदलायचं, हे मी कितीतरी नव्या सुनांना शिकवलं असेल.

भिजवणीच्या दुसऱ्या दिवशी मी शांताबाईसोबत इतवारीत गेले, लग्नाची भांडी पाहायला. ऊन हे एवढं. परत आले, पन्हं प्याले आणि ताटीसमोर पडले. संध्याकाळी मुलांनी बर्फाच्या गोळ्यासाठी ओढून नेलं. गव्हाची आठवण झाली ती अंथरुणावर टेकल्यावर. उठले का? नाही. उद्या बदलू, म्हटलं. सकाळी झाकण काढलं तर आंबूस नव्हे, कुजका वास आला. मी गहू पाच-सहा पाण्यांनी धुतले आणि कुणाला काही बोलले नाही.

त्याच दिवशी दुपारी नलू माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती, आणि आई नव्हती जवळ. मी जुन्या लुगड्याच्या घड्या करून दिल्या, सगळं समजावलं, गूळ-तूप भरवलं. ती एवढंच म्हणाली, "आजी, कोणाले सांगू नको वं."

मी म्हटलं, नाही सांगत. तिला वेगळंही बसवलं नाही. माझ्या घरी विटाळ पाळत असत, पण ते पोर इतकं घाबरलेलं होतं की मी तिला नेहमीसारखं कुशीत घेऊन झोपवलं. पाहा ना, तेव्हा मी चांगली वागले होते. दोन दिवस चांगली वागले.

पाचव्या दिवशी गल्लीतल्या सात-आठ बायका जमल्या. मी चीक शिजवत होते. हाताला रग लागली तेव्हा नलूला हाक मारून लाकडी सराटा मीच तिच्या हाती दिला — मीच! ती दोन्ही हातांनी मनापासून घोटत होती. बाळू दूध-साखर घालून गरम चीक खायला वाटी घेऊन बसलेला. त्यानंच पहिला घास थुंकला.

चीक आंबट, करडा, आणि साच्यात जाईना. पडली ती कुरडई तुटून पडली. शांताबाईनं वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न आठ दिवसांवर होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मला काय बोलायचं होतं? चार-पाच शब्द. पाणी बदलायला विसरले, चुकलं माझं. हसल्या असत्या बायका वर्षभर. त्यापलीकडे काय झालं असतं?

मी म्हटलं, "हिचा हात लागला. परवाच बसली पहिल्यांदा. मले ध्यानातच नाही राह्यलं."

मग एकीनं, 'होतं असं' म्हणून मान हलवली. सगळ्यांना पटलं; आणि पटणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ते तोंडून निघालं. नलूच्या कोपरापर्यंत चीक लागलेला. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिचं गुपित फोडलं याचा राग असेल, असं मला वाटलं. राग नव्हता. तिला ते खरं वाटलं होतं. बाळू विचारत होता, "नलूनं काय केलं?"

पोर आपणहून मागच्या ओसरीत जाऊन बसली. तापलेल्या फरशीवर, पोतं टाकून. मी न सांगता तिनं आपलं ताट वेगळं घेतलं. संध्याकाळी शांताबाईकडे गेली आणि दारातच, दूर उभी राहून म्हणाली, "माह्यामुळं झालं मावशी." हे शांताबाईनंच मला सांगितलं, पोरगी किती गुणाची म्हणून. तेव्हा तरी मी बोलायचं होतं.

पुढच्या सुट्यांत ती आली, पण माझ्याजवळ झोपली नाही. लोणच्याच्या बरणीपाशी गेली नाही. मोठी झाली, लग्न होऊन कोराडीला गेली, नातजावई वीजकेंद्रात नोकरीला. घर टापटीप, सगळं स्वतः करते. कुरडया-पापड मात्र विकतचे.

यंदाच्या मे महिन्यात ती आपल्या दहा वर्षांच्या मुलीला सुटीला माझ्याकडे घेऊन आली. मी अजून कुरडया घालते, किलो-दोन किलोच. चीक शिजत होता. पणतीनं हौसेनं सराटा हाती घेतला. नलू दारातच थांबली होती, स्वयंपाकघरात पाऊल न टाकता. तिथूनच म्हणाली, "ठेव तो खाली. आपल्या मायलेकींचा हात बरा नाही त्याले. काहून ते पणजीले विचार."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. नलूसारखेच डोळे. "काहून वं पणजी?"

वीस वर्षं मी ज्याला चुकवत होते, ते समोर येऊन उभं होतं, आणि घरात आम्ही तिघीच होतो. हसायला बायकाही नव्हत्या.

मी म्हटलं, "आई सांगते ते ऐकावं."

तिनं सराटा खाली ठेवला आणि मोरीवर जाऊन हात धुतले. हात स्वच्छच होते तिचे.