दाजींचा समुद्र

समुद्रावर इतका हक्क सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तोही जन्माने सिन्नरच्या बाजूचा, जिथे उन्हाळ्यात पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागतं. हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा छोटा कारखाना होता. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला टाक्या पोचवायला म्हणून ते अलिबागला गेले, तिथून कोणाच्या तरी मचव्यात बसून मुरूडपर्यंत जाऊन आले आणि नाशिकला परतले ते निराळेच होऊन. मला म्हणाले, "पाव्हणं, पाणी आत ठेवणारी वस्तू मी वीस वर्षं करतोय. पाणी बाहेर ठेवणारी करायला कितीसा वेळ लागणार?"

तीन वर्षं लागली. कारखान्यातल्या शेडमध्ये टाक्यांच्या शेजारी होडी वाढत गेली आणि पुरी झाल्यावर लक्षात आलं की ती फाटकातून बाहेर निघत नाही. सगळी मापं घेणाऱ्या माणसाने फाटकाचं माप तेवढं घेतलं नव्हतं. शेवटी कुंपणाची भिंत पाडली. होडीला ताईचं नाव दिलं होतं, 'सुमन'. ती खूश होईल अशी दाजींची समजूत. ताई म्हणाली, "टाकीत बसून समुद्रात जायचं तर जा. माझं नाव कशाला नेता बरोबर?" त्या होडीत ती शेवटपर्यंत बसली नाही.

ट्रकवर चढून 'सुमन' कसारा घाट उतरली आणि रेवदंड्याच्या खाडीत कायमची राहिली. तिथे दाजींना त्यांच्यासारखेच आणखी काही भेटले. पनवेलचे एक दातांचे डॉक्टर होते, अलिबागचे सोड्याची फॅक्टरी चालवणारे दोघे भाऊ होते. डॉक्टरांची आपली होडी, भावांची मिळून आपली, आणि प्रत्येकाच्या घरी आपली ताई. दर डिसेंबरात या तीन होड्या किनाऱ्याने दक्षिणेकडे निघत. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ. एकेका बंदरात मुक्काम, किल्ला बघायचा, पुढे जायचं. त्या सगळ्यांत दाजी एकटेच घाटावरचे. पण कप्तानकी त्यांच्याकडे कशी गेली हे कोणालाच सांगता आलं नसतं. डॉक्टर म्हणत, "त्यांनी कधी विचारलंच नाही, त्यामुळे आम्हाला नाही म्हणता आलं नाही."

होडीवर त्यांची शिस्त कडक होती. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चहा नाही. पहाटे आंघोळ झाल्याशिवाय सुकाणूला हात नाही. आणि 'बुडणे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. संध्याकाळी कोणी "सूर्य बुडाला" म्हटलं की दाजी दरडावत, "मावळला म्हणा." सोडावाल्या धाकट्या भावाने एकदा चहात बिस्किट बुडवू का म्हणून विचारलं, तर त्याला बिस्किट 'भिजवायला' लावलं आणि वर अर्धा तास भाषण दिलं. लासलगावच्या कांद्याचं एक पोतं होडीवर कायम असे. बंदरात उतरलं की दाजी ओळखीच्या कोळणींना कांदे वाटत आणि त्या बदल्यात सुकट आणत. सुकट घरात येऊ द्यायला ताईचा ठाम विरोध, म्हणून ती कारखान्यात टांगलेली असे. काही टाक्यांची गिऱ्हाइकं त्या वासाने परत गेली, असं कामगार सांगत.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. समुद्रावरच्या गावाला रस्त्याने जाऊ नये. "पाण्यावरनं येणाऱ्याला गाव तोंड दाखवतं. एस्टीनं येणाऱ्याला पाठ." श्रीवर्धनला आमच्या चुलतभावाचं लग्न होतं. अख्खं कुटुंब गाडीने गेलं, दाजी रेवदंड्याहून होडीने निघाले. अक्षता पडून गेल्यावर तासाभराने, ओल्या विजारीने, हातात आहेराचं पाकीट घेऊन ते मांडवात शिरले. ताई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्यांचं मन मात्र विजयदुर्गावर होतं. पाण्यातून त्या किल्ल्याची तिहेरी तटबंदी बघायची, एवढीच इच्छा. पण दर वर्षी काहीतरी आडवं येई. कधी वादळाचा इशारा, कधी डिझेलचा पाइप, कधी डॉक्टरांच्या मुलीचा साखरपुडा. जयगडच्या पुढे त्या तीन होड्या कधी गेल्याच नाहीत. असं करता करता आठ-नऊ वर्षं उलटली.

मग एका नोव्हेंबरात ताईने मला घरी बोलावलं. दाजी कारखान्यात गेले होते. ती म्हणाली, "यंदा तू जा त्यांच्याबरोबर."

"मी? मला गंगापूर धरणाच्या काठावर उभं राहिलं तरी गरगरतं."

"त्यांना काचबिंदू झालाय," ती म्हणाली. "डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्यालाही लागलंय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, मलाही दवाखान्याची चिठ्ठी सापडली, मग तिथं जाऊन विचारलं म्हणून कळलं. मी जाऊ नका म्हटलं तर जायचं थांबतील. पण मला ते म्हणवत नाही रे."

मी गेलो. दाजींना संशय आला असणार. "पाव्हणं, उशिरा का होईना, सुधारलात," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचो. ओकाऱ्या काढत का होईना, पण डावीकडे बघत राहायचो. हर्णै गेलं, दाभोळ गेलं. जयगडला मुक्काम झाला. हवा चांगली होती, इंजिनं ठीक होती, कोणाच्या घरी लग्नकार्य नव्हतं. रात्री जेवताना दाजी भाकरीचे तुकडे करून ताटात नुसते मांडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयगड सोडून तासभर झाला असेल. ऊन समोरून पाण्यावर येत होतं. मला पुन्हा ओकारी आली; वारा डावीकडून होता, म्हणून मी जागा सोडून उजव्या कठड्यावर ओणवा झालो. तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. डावीकडे, अगदी जवळ, एक लहानशी डोणी होती. एक म्हातारा आणि त्याची बायको जाळं ओढत होते. म्हातारा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मी किंचाळलो, "दाजी, उजवीकडे!" त्यांनी सुकाणू फिरवलं. आमची होडी डोणीपासून हातभर अंतरावरून गेली. आमच्या लाटेने डोणी कलली, म्हातारी आत पडली, तिचं डोकं फळीवर आपटलं.

"ओ शेठ!" म्हातारा ओरडला. "दिसत नाय काय तुमाला?"

दाजींनी इंजिन बंद केलं. मागून डॉक्टरांची आणि सोडावाल्यांची होडीही जवळ आली होती.

"नाही दिसत," दाजी म्हणाले.

ते चिडून बोलताहेत की खरं, हे म्हाताऱ्याला कळेना. दाजींनी हात जोडले. "बाबा, चूक माझी आहे. मला ह्या डोळ्यानं दिसत नाही. माहीत असून मी होडी हाकली." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "आधी त्या माउलीला बघा."

डॉक्टर दातांचे, पण त्यांनी डोणीत उतरून तिची जखम पुसली, पट्टी बांधली. फार लागलं नव्हतं. म्हातारीच उलट विचारत होती, "कधीपास्नं दिसत नाय वो?" दाजी तिला सगळं सांगत राहिले, कुठल्या महिन्यात काय झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं. आमच्यापैकी कोणाला जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी त्या अनोळखी बाईला सांगितलं. आम्ही तिन्ही होड्यांवरची माणसं पाण्याकडे बघत ऐकत होतो.

डोणी गेल्यावर सोडावाला थोरला भाऊ हळूच म्हणाला, "परत फिरू या का?"

दाजी सुकाणूवरून उठले. "पाव्हणं, बसा इथं."

"मला येत नाही, दाजी."

"मला येतं. तुम्ही दिसेल ते सांगा. काय करायचं ते मी सांगतो."

असे आम्ही विजयदुर्गाला गेलो. मी दिवसभर बोलत होतो: डावीकडे खडक, समोर ट्रॉलर, उजवीकडे काही नाही. दाजी शेजारी बसून "जरा आत घ्या," "आता सोडा" म्हणत होते. दुपार कलताना खाडीच्या तोंडाशी किल्ला दिसला. ते म्हणाले, "सांगा."

"काळा आहे," मी म्हणालो. "मोठा आहे."

"शाळेत निबंधाला किती मार्क पडायचे तुम्हाला?"

मग मी नीट सांगायला लागलो. पाण्याला टेकलेला पहिला तट, त्याच्या मागे वर चढत गेलेला दुसरा, त्यात उगवलेली झाडं, गोल बुरूज, त्यांच्यावर पडलेलं पिवळं ऊन. दाजींनी मान उजवीकडून डावीकडे सावकाश फिरवली. त्यांना किती दिसलं, मी विचारलं नाही. डॉक्टरांनी आणि सोडावाल्यांनी आपापल्या होड्यांची इंजिनं बंद केली होती. तिन्ही होड्या नुसत्या तरंगत होत्या. आमची पुढे होती.

परत आल्यावर 'सुमन' त्यांनी डॉक्टरांना देऊन टाकली. पुढच्या वर्षभरात उजवा डोळाही बराचसा गेला. कारखाना माझा भाचा बघू लागला. दाजी घरी रेडिओ ऐकत बसत, ताई त्यांना पेपर वाचून दाखवी. डिसेंबर आला, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे राहायला गेलो. एका सकाळी फोन वाजला. डॉक्टर रेवदंड्याहून, बंदराजवळच्या एसटीडी बूथवरून बोलत होते. "निघतोय," ते ताईला म्हणाले. "त्यांना विचारावं म्हटलं."

दाजी भिंतीला हात लावत आले. रिसीव्हर घेतला आणि ताठ उभे राहिले. "वारा कुठला आहे? ढग? किनाऱ्यावरचे कोळी काय म्हणतात?" बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "नाही. आज नका जाऊ. एक दिवस थांबा."

आणि ते थांबले. होड्या भरलेल्या, डिझेल घातलेलं, घरच्यांचा निरोप घेतलेला, तरी पाचसहा शहाणीसुरती माणसं दिवसभर रेवदंड्याला पत्ते खेळत बसली.

त्या दिवशी समुद्रावर सुरकुतीसुद्धा नव्हती. हे डॉक्टरांनी मला खूप नंतर सांगितलं. दाजींना कोणीच सांगितलं नाही.