आक्कांना चालायला वेळ नव्हता

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत तिसरीच्या वर्गात फळा पुसत होते. फोन मोठ्या दिरांचा होता. "सुमन, ही गेली गं..." एवढंच म्हणाले. साध्या तापाने सुरुवात झाली होती, मग डेंग्यू निघाला, पेशी उतरत गेल्या आणि पुण्याच्या दवाखान्यातून आक्का घरी आल्याच नाहीत. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कुसगावात त्यांचं घर एका आळीत, आमचं दुसऱ्या.

आक्का गावाजवळच्या सुट्टीच्या बंगल्यांची देखरेख करायच्या. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी यायची, त्याआधी झाडलोट, चादरी बदलणं, पाण्याचे जार वरच्या मजल्यावर नेणं, सगळं त्यांच्याकडे. पन्नाशी उलटली तशी जिन्यात धाप लागायला लागली. तपासलं तर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. दवाखान्याबाहेर येऊन आक्का मला म्हणतात, "तासभर? चालाया येळ कुटंय मला? त्यापरीस पळून उरकून टाकते." धुणं उरकावं तसा त्यांना व्यायाम उरकायचा होता. मी हसले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या खरंच धावायला निघाल्या.

आता आमच्या गावात बाईमाणूस उगाच धावत नाही. गाय सुटली, पोर पडलं, नाहीतर कोणी गेलं, तरच धावतं. साडी खोचून, पायात दिरांचे कॅनव्हासचे बूट घालून आक्का धावताहेत, हे एका दूधवाल्याने पाहिलं. गाडी थांबवून त्याने विचारलं, "काय झालं आक्का?" आक्कांना धाप लागलेली. तोंडातून शब्द फुटेना, त्यांनी नुसता घराकडे हात केला. घरी जाऊन सांगते, असं त्यांना म्हणायचं होतं. आमचे सासरे, आबा, आक्कांकडेच राहायचे आणि नुकतेच आजारातून उठलेले. दूधवाल्याने दोन्हींची सांगड घातली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला. आक्का परतल्या तेव्हा अंगणात गर्दी. एकाने तर बांबू आणायला माणूसही धाडला होता. आबा आरशासमोर दाढी करत बसलेले. गालाला साबण तसाच, ते विचारत होते, "कोण गेलं रं?"

लोक पांगल्यावर आबा भडकले. "उद्यापास्नं पळायचं बंद! काय येड लागलंय का?" आक्का मान खाली घालून "व्हय आबा" म्हणाल्या आणि संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "सुमन, उद्यापास्नं तूबी चल. एकटी पळाली की लोकं भित्यात. दोगी पळाल्या की म्हनतील, ह्यांची डोकी फिरल्यात."

साखर मलाही होतीच. गेले. एका विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत धावायचं, त्याच्या पुढच्यापर्यंत चालायचं, अशी आमची रीत. देवळाचा पार आला की आक्का डोक्यावर पदर घेऊन अगदी सोज्वळ चालीने चालायच्या, कारण पारावर आबांच्या बरोबरीची म्हातारी माणसं बसलेली. पार मागे पडला की पदर पुन्हा कमरेला. मी एकदा मोबाइलवर पाहिलं, नवशिक्यांनी मधे मधे चालावं असंच तिथे सांगितलं होतं. आक्कांना दाखवलं तर म्हणाल्या, "त्यांच्यातबी सासरा आसंल पारावर." पुढे आणखी काहीजणी आल्या. आक्कांची साखर उतरली, जिन्यात धाप थांबली. आपण काही विशेष करतोय असं त्यांना कधी वाटलंच नाही. परत येताना कुणाच्या तरी कुंपणावरचा कढीपत्ता तोडून आणायच्या.

आणि दहाव्याच्या दिवशी घाटावरच कुणीतरी बोललं... त्या वयात छाती फोडून पळायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? मी डेंग्यू सांगितला, डास सांगितले, रिपोर्ट सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन तेच सांगितलं, पळून पळून गेली. बरोबरच्या बायका एकेक करत यायच्या थांबल्या. आमच्या ह्यांनी माझे बूट माळ्यावर टाकले. मला राग आला, पण मी बूट काही खाली काढले नाहीत. माझी साखर पुन्हा चढायला लागली होती. पण त्याहून जास्त टोचायचं ते वेगळंच. आम्ही सगळ्या घरी बसलो की गावाचं म्हणणं खरं ठरणार होतं. आक्कांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून केलेली ती एकच गोष्ट, आणि तिनेच त्यांना मारलं, असं गाव कायम सांगत राहणार होतं.

परवा सकाळी शाळेत जाण्याआधी आबांची औषधं द्यायला गेले. आबा ओट्यावर बसलेले, शेजारी चहाचा कप, त्यावर बशी झाकलेली. दीर दारातून म्हणाले, "घ्या की आबा, निवला." मग मला हळूच सांगितलं, "ही पळून परत आल्याबिगर आबा च्या घेत न्हवते. तिला कळू द्यायचं न्हाई, आशी ताकीद हुती आमाला." इतकी वर्षं मी आक्कांबरोबर धावले, वळणावरून तशीच माझ्या घरी जायचे. हे मला कधी कळलंच नाही.

"तू पळत न्हाईस का आता?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. लोक म्हणतात..."

"लोकं काय येऊन माझा च्या गरम करत्यात?" ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "जा. त्या वळणापतोर जाऊन ये. मी थांबतो."

मी चपला ओट्यापाशी काढल्या, शाळेची साडी खोचली आणि अनवाणीच निघाले. वळणापलीकडे कुणी दिसत नव्हतं, तिथे उभी राहून जरा रडले. मग डोळे पुसून धावत परत आले. मी ओट्यावर टेकल्यानंतरच आबांनी कपावरची बशी उचलली.