वेशीचा रंग

आमच्या पेठेतली जुनी वेस वाचवायला रहिवाशांनी समिती काढली, तिचे अध्यक्ष एक कापड दुकानदार होते. तेव्हा बीडात केबल नुकतीच आली होती, दुकानांना शटरं लागत होती. ट्रक आत येत नाही म्हणून वेस पाडा म्हणणाऱ्यांशी हे एकटे भांडायचे. बैठकीत मात्र आमचंही वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. "थांबा, आदी माजं ऐका!"

वेशीतून जाताना तेवढे ते गप्प व्हायचे आणि उजव्या हाताच्या एका दगडावर तळवा टेकवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी तो दगड गुळगुळीत झाला होता.

एका दसऱ्याला त्यांनीच हौसेनं सगळ्या वेशीला गुलाबी ऑइलपेंट लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर घासलेटात फडकं बुडवून ते तोच दगड पुसत बसलेले. रंग काही निघत नव्हता.

"हाताला वळकूच येईना हो," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "रंग देताना तुमी सगळे हुता की हितं. मला आडवलं कावून न्हाई?"

एवढं विचारून ते चक्क उत्तराची वाट बघत थांबले.

मी खाली बसलो आणि दुसरं फडकं उचललं.