खळ्यातली काजळी आणि पगारेबाई

गावातल्या खोकणाऱ्या पोरांची चौकशी करत पगारेबाई पहिल्यांदा आमच्या घरी देवळ्याला आल्या तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. नाशिकच्या निवृत्त नर्सबाई, आता चुलीच्या धुराला नावं ठेवणार, असं वाटलं. पण आमच्या घरात गॅस होता, तरी धाकटी बहीण सोनी सारखी खोकायची. औषधानं चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

बाईंनी भाषण दिलं नाही. ताटलीला तेलाचा हात फिरवला, ती सोनीच्या उशाशी ठेवली आणि गेल्या. आठवड्यानं आल्या तर ताटलीवर काळी भुकटी. मी लगेच ओळखली. आई आणि मी व्यापाऱ्याच्या ज्या कांद्याच्या खळ्यावर निवडायच्या कामाला जायचो, तिथल्या खराब कांद्यावरची काजळी, म्हणजे काळी बुरशी. बंद शेडमध्ये कांदा निवडताना ती उडायची. आई घरी येऊन, दार लावून साडी झटकायची, आणि तीच साडी सोनीवर पांघरायची.

बाईंनी सांगितलं, हे बारीक कण श्वासाबरोबर छातीत उतरतात. आई सोनीच्या उशाशी खाली बसली. "म्हंजे पोरीला खोकला मीच दिला का, बाई?"

बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. "तू नाही गं. खळ्यावर तुम्हाला साडी बदलायला आडोसा नाही, त्याचा हा खोकला आहे."

बाईंनी खळ्याच्या शेठकडं आडोसा मागितला, तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. दिवसभर बायकांबरोबर कांदा निवडला आणि संध्याकाळी शेठच्या गादीपुढं उभ्या राहून पदर झटकला. शेठ म्हणाले, "ओ बाई, इथं नका, अंगावर येतंय माझ्या."

"मग यांनी कुठं झटकायचं?"

पंधरा दिवसांत पत्र्याचा आडोसा झाला, नळ आला, शेडची दोन्ही दारं उघडी राहू लागली. सोनीचा खोकला हळूहळू गेला.

मी एका जागी टिकणारा माणूस नाही. आठवीत शाळा सोडली, चार गावं फिरलो, आता बेंगळुरूला पीओपीची छतं घासतो. बाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, तोंडाला मास्क आहे का, खिडकी उघडली का. बरोबरची पोरं मला 'डॉक्टर' म्हणून चिडवतात. चिडवू देत. त्यातल्या दोघांनी परवा मास्क घेतले.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गुडघे सांभाळत, मोकळा श्वास घेत त्या अजून पुष्कळ वर्षं फिरोत. सोनी यंदा शाळेच्या कबड्डी संघात आहे. एका दमात तिघींना बाद करून येते, असं आई सांगते. तिची चढाई बघायला बाईंनी पहिल्या रांगेत बसावं, यंदा आणि पुढं कितीतरी वर्षं.