वायर न जोडलेला ड्राइव्ह

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून चहा टाकायला जाते... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आता काय करू.

सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमचं घर. शेजारी लक्ष्मीअक्का राहतात — तेलुगू, साठीच्या पुढच्या, उभा जन्म विड्या वळण्यात गेलेला. त्यांचे मालक चादरीच्या कारखान्यात होते, मागल्या वर्षी वारले. एका रविवारी दुपारी अक्का लेकीच्या लग्नाची डीव्हीडी घेऊन आल्या.

"बाई, यात यांचा आवाज हाय. एकदा ऐकवा की."

माझ्या डेस्कटॉपला ड्राइव्हच नव्हता. माळ्यावर एक जुना पडून होता, तो काढला. लाइट गेलेली होती, म्हटलं येईपर्यंत बसवून ठेवू. तरी सवयीनं कॉम्प्युटरची वायर बोर्डातून काढली, कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडलं. ड्राइव्ह पुसून टेबलावर ठेवला. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घालून ट्रे बाहेर ओढला, आत काही अडकलंय का बघायला. अक्कांनी लगेच त्यात डिस्क ठेवली.

"थांबा अक्का, अजून बसवायचाय," म्हणत मी ट्रे आत ढकलला आणि खाली पडलेला स्क्रू शोधायला वाकले.

तेवढ्यात मोटर फिरायला लागली.

मला वाटलं, लाइट आली. वर पाहिलं तर पंखा बंद. ड्राइव्ह टेबलावर थरथरत होता... ना पॉवरची वायर, ना डेटाची. मागचं कनेक्टर मोकळं, माझ्याकडंच तोंड करून.

"वस्तुन्ना," अक्का म्हणाल्या. तेलुगूत — येते. आणि उठल्या.

"कुठं, अक्का?"

"दारात उभे हायत. उघड म्हनतायत."

खिडकीतून दारापुढची पायरी दिसत होती. रिकामी, उन्हानं पांढरी पडलेली. मी अक्कांचं मनगट धरलं. तरी त्या मला ओढत नेत होत्या.

"बाहेर कुणी नाही, अक्का."

"हाय की. लक्ष्मी, लक्ष्मी करून किती हाका मारतायत..."

कडीवर हात ठेवून त्या थांबल्या. चेहरा उतरला. हात हळूच खाली आला.

"बाई," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या मालकांनी मला जन्मात कधी नावानं हाक मारली न्हाय."

आम्ही दोघी पलंगावर एकमेकींचा हात धरून बसून राहिलो. मोटर फिरतच होती. मग मंदावली, थांबली. बऱ्याच वेळानं मी पिन घालून ट्रे काढला. डिस्कला बोट लावता येत नव्हतं, इतकी तापलेली.

शाळेतले एक सर म्हणाले, आत चार्ज शिल्लक असेल. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या ड्राइव्हमध्ये? मी तो भंगारात दिला.

पुढं एका फोटो स्टुडिओत ती डिस्क व्यवस्थित चालली. मांडवात अक्कांचे मालक कुणाला तरी जेवायला बसवत होते, मोठ्यानं बोलत होते. अक्का पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला राहवलं नाही. विचारलं, "त्या दिवशीचा आवाज वेगळा होता ना?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. "आवाज ह्योच होता, बाई."

मला आजही याचा काही उलगडा झालेला नाही. अक्का आता मागून कुणी हाक मारली तर ओ देत नाहीत. समोर जाऊन उभं राहावं लागतं... मीही तशीच जाते.