नको म्हणणाऱ्यांची वही

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकदाही पैज लावली नाही, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण खरं आहे. दुसऱ्यांनी पैजा लावायचं मोठं दुकान त्यांनी काढलं, भरभराटीला आणलं आणि बुडवलं. स्वतः मात्र साध्या चहाचीसुद्धा कधी पैज मारली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. सासूबाई आधीच गेलेल्या. मी त्यांना 'अहो भाऊजी' म्हणायची आणि ते छाती फुगवून शाळेत जायचे. आमचे हे खेळाचे मास्तर, सुट्टीच्या दिवशी सामन्यांना पंच. भाऊजी त्यांच्याबरोबर मैदानावर जाऊन फळ्यावर गुण लिहायचे. पुढे शिक्षण जेमतेम झालं आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात रॅकेटचं गटिंग करायला, म्हणजे जाळी विणायला लागले. हात बसला होता. बोटाने तार छेडून सांगायचे, "ही दोन महिने टिकेल." तितकीच टिकायची.

माणसांचंही त्यांना तसंच कळायचं. खेळाडू मैदानात नुसता चालत आला की म्हणायचे, "आज याचा गुडघा याला खेळू देणार नाही." दुकानात येणारे लोक त्यांना विचारून पैजा लावू लागले. भाऊजींच्या डोक्यात आलं, लोक पैज लावणारच, तर निदान सचोटीने घेणारा कुणी असावा.

आमच्याकडे या धंद्याला परवाना मिळत नव्हता. दूर समुद्रात एका बेटावर मिळत होता. कंपनी तिथली, काम इथलं. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आठ संगणक, चार फोन. कंपनीचं मुख्य कार्यालय दाखवायला भाऊजी आम्हां दोघांना एकदा बेटावर घेऊन गेले. एका इमारतीचा जिना, जिन्यात भिंतभर पत्रपेट्या, आणि त्यातल्या एका पेटीवर आपलं नाव. बस. ह्यांनी पेटीत वाकून पाहिलं.

"अरे, इथे कंपन्या राहतात की कबुतरं?"

"दादा, परवान्यासाठी पत्ता लागतो."

"उंटावरून शेळ्या हाकलेल्या ऐकल्या होत्या. बेटावरून पहिल्यांदाच बघतोय."

आम्ही तिघं त्या जिन्यात पोट धरून हसलो. आठवलं की आता हसू येत नाही.

माझी मुलं मोठी झाली होती, म्हणून मी फोन घ्यायला बसू लागले. पहिल्याच वर्षी एका शिंप्याचा फोन आला. आवाज अगदी हळू, जणू कुणी ऐकेल. म्हणाला, "बाई, माझं खातं बंद करा. आणि उद्या मीच फोन करून उघडा म्हटलं, शिव्या दिल्या, रडलो, तरी उघडू नका. शब्द द्या." मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि स्वतः सांगितलं, "दिला शब्द." मग मला म्हणाले, "वहिनी, एक वही करा. जो नको म्हणेल त्याचं नाव त्यात. त्या माणसाला हे दार पुन्हा उघडायचं नाही."

ती वही मी केली. ही माणसं खरोखर पुन्हा फोन करायची. त्यांना समजावता यावं म्हणून मी नावापुढे दोन ओळी लिहून ठेवायची. एकाच्या पुढे, 'पगार झाला की चैन पडत नाही.' एकीच्या पुढे, 'नवऱ्याशी भांडण झालं की खेळते.' शिंप्याच्या पुढे लिहिलं होतं, 'रविवारची दुपार एकट्याने जात नाही. बायको कामावर असते.' मग रविवारी त्यांचा फोन आला की मी आधी विचारायची, "जेवलात का?" दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोललं की माणूस निवायचा. सकाळी प्रार्थनेला बसले की त्या वहीतली नावं आपोआप तोंडी यायची. या धंद्यातही देवाने माझ्याकडून एक चांगलं काम करून घेतलं, असं मला वाटायचं.

धंदा वाढला. दोन खोल्यांच्या जागी काचेचा अख्खा मजला आला, माझी वही संगणकात गेली. भाऊजींनी आम्हांला घर घेऊन दिलं. परदेशात राहणारा, आपल्याकडचाच एक भागीदार आला. त्याचा टाय कधी सुटलेला पाहिला नाही, म्हणून ह्यांनी त्याचं नाव 'टायवाले' ठेवलं. टायवाल्यांनी एक दिवस माझ्या शेजारी खुर्ची ओढून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "बाई, इतकं बारकाईने माणसं ओळखणारं मी कुणी पाहिलं नाही. हे सोनं आहे." मला इतका आनंद झाला, की घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं.

आठवड्याने भाऊजी माझ्या टेबलाशी आले.

"वहिनी, त्या यादीची एक प्रत हवी होती. टिपणांसकट."

"कशाला हो?"

"टायवाल्यांबरोबर दुसरी कंपनी काढतोय. तिथे कुणाला घ्यायचं नाही ते कळायला हवं."

"मग नावं पुरेत की. टिपणं कशाला?"

ते खिडकीकडे गेले. पाठ माझ्याकडे. लहानपणी काच फोडून आले की असेच खिडकीशी उभे राहायचे. "असू द्यात," म्हणाले.

आणखी एकदा विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं. म्हणूनच मी विचारलं नाही. नवं घर होतं, धाकटीचं शिक्षण चालू होतं. मी प्रत दिली.

चार महिन्यांनी शिंप्याची बायको जिना चढून आली. धापा टाकत होती. नवऱ्याचा फोन माझ्यापुढे धरला. वेगळ्याच नावाच्या कंपनीकडून निरोप होता: 'रविवारची दुपार एकट्याने जात नाही? या, पहिला डाव आमच्याकडून.' एक नव्हे, ओळीने दहा रविवार.

"शिलाईचं मशीन विकलं त्यांनी," ती म्हणाली. "बाई, आमच्या घरातली गोष्ट यांना कुणी सांगितली?"

माझे शब्द मला ओळखू आले. मान खाली घालून मी तिला बसायला खुर्ची दिली आणि तो निरोप दाखवायला तशीच भाऊजींच्या खोलीत गेले.

"वहिनी, ती कंपनी वेगळी आहे," ते म्हणाले. "शिंप्यांनी आपल्याला नको म्हटलं होतं. आपण कुठे त्यांना उघडून दिलं?"

"कंपनी वेगळी असेल. शब्द माझे आहेत, आणि वचन तुमचं आहे."

"दोन वर्षं तोटा चाललाय. टायवाले म्हणाले, जो एकदा नको म्हणतो तोच सगळ्यात जास्त खेळतो. मी नाही म्हणत होतो..." मग थांबले. "नाही म्हणत नव्हतो," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मी नोकरी सोडली. शिंप्याची बायको मात्र घरी बसली नाही, तक्रार घेऊन पोलिसांकडे गेली. तिच्यामागून वहीतल्या आणखी माणसांच्या तक्रारी आल्या. टायवाले रातोरात नाहीसे झाले. बेटावर चौकशी गेली तेव्हा पत्रपेटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

कोर्टात माझा जबाब होता, त्याच्या आदल्या दिवशी भाऊजी घरी आले. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसले, जसे शाळेतून येऊन बसायचे.

"वहिनी, तुमच्याकडून यादी चुकून गेली म्हणालात तर तुम्हांला कुणी काही करणार नाही. मी सुटेन."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दारातून आत आले. मग म्हणाले, "पंचाने घरचं माणूस बघून शिट्टी वाजवायची नसते. पण मी पंच तो मैदानावर. इथे मला विचारू नकोस."

भाऊजींना मी जेवायला वाढलं. ते जेवले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी सगळं खरं सांगितलं. यादी त्यांनी मागितली, मी दिली, आणि टिपणं कशाला हवीत याचा संशय येऊनही मी गप्प राहिले, तेही सांगितलं. भाऊजींना तीन वर्षांची शिक्षा झाली. मला न्यायाधीशांनी नुसतं "जा" म्हटलं. भाऊजींकडे पाहून पाऊल उचलवेना. नऊ वर्षांचे असताना ज्यांच्या शर्टाची बटणं मी लावली, त्यांच्याविरुद्ध बोलून मी घरी आले होते. देवाला काय मागावं तेही कळेना.

तुरुंगातून ते आमच्याकडेच आले. कुठे जाणार? खटल्यापायी घर विकलं होतं, आम्ही पुन्हा जुन्या भाड्याच्या खोल्यांत. मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आता पुढच्या खोलीत बसून रॅकेटचं गटिंग करतात.

शिंपी आता दुसऱ्याच्या दुकानात कपडे छोटे-मोठे करून देतात. मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले होते. त्यांनी माप घ्यायची टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली, आणि एवढंच विचारलं, "रविवारी फोन केला तर घ्याल का?" तेव्हापासून दर रविवारी तीनच्या सुमाराला फोन येतो. "आज हात शिवशिवतोय, बाई." मी म्हणते, "जेवलात का?" मी आपणहून मात्र कधी करत नाही. आमच्याकडून गेलेल्या निरोपांनी त्यांचं घर मोडलं, आता पुन्हा आमच्याकडून काही जायला नको.

रविवारी तीन वाजत आले की भाऊजी काम घेऊन बाहेर गॅलरीत जातात.

गेल्या रविवारी तीन वाजून गेले. साडेतीन झाले. भाऊजी गॅलरीतून आत आले, रॅकेट मांडीवर घेऊन बसले. एक तार ओढली, सैल केली, परत ओढली.

"आला का?"

"नाही अजून."

चार वाजले. त्यांनी तार छेडली नाही, नुसतं बोट ठेवून बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "आज तुम्हीच लावून बघा."

मी नंबर लावला. तिकडे घंटा वाजत होती. भाऊजी रॅकेट खाली ठेवून उठले. या वेळी ते बाहेर गेले नाहीत.